थोरल्या जावयाचा एसी

माझ्या साडूच्या गाडीत एसी चालतो, याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

(हे वाक्य मी आरशासमोर उभं राहून पाठ केलेलं आहे. सुरुवातीला म्हणताना दात खाल्ल्याचा आवाज यायचा. आता फक्त डावा डोळा फडफडतो.)

साडू म्हणजे रमाकांतराव, माझ्या मेव्हणीचे, मंगलचे, यजमान. लातूरला मेस चालवतात. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येतात आणि रमाकांतरावांकडे जेवतात. त्यातली बरीच पुढे पोटविकारतज्ज्ञ होत असावीत, असा माझा अंदाज आहे. तर त्या मेसच्या वरणात जे पाणी पडत आलं, त्या पाण्यावर त्यांनी मागच्या दसऱ्याला नवी गाडी तरंगवली. काळी, उंच, आणि आत अशी थंड की बसल्याबरोबर माणूस दुमडलेल्या बाह्या खाली करतो.

माझी गाडी पांढरी. वय वर्षं वीस. तिचा एसी माझी मुलगी सहावीत असताना बंद पडला. आता मुलगी इंजिनीअरिंग करतेय. एवढ्या वर्षांत मला एसीची आठवणसुद्धा आली नव्हती. खिडक्या उघडायच्या, मानेला रुमाल बांधायचा, की नांदेडहून कुठंही जाता येतं. पोचल्यावर माणूस तंदूरमधून काढल्यासारखा दिसतो, पण पोचतो!

सगळं बिघडलं ते अण्णांमुळे.

अण्णा माझे सासरे. उदगीरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं त्यांची धान्याची अडत होती. पोत्यात हात घातला की तूर कुठल्या गावची आणि तिच्यात खडे किती, हे न बघता सांगणारा माणूस. त्यांना साखरेचा जुना आजार आहे, त्यामुळे तळपायांची सारखी आग होते. उन्हाळ्यात दर तासाला न्हाणीत जाऊन पायांवर तांब्याभर पाणी ओतून येतात. लग्न असो, बारसं असो, अण्णा वीस वर्षं माझ्या गाडीत, पुढच्या डाव्या सीटवर बसत आले. पगारवाढ नाही, बढती नाही, वर्गात पोरं ऐकत नाहीत; पण अण्णा आपल्या शेजारी बसतात, हा थोरल्या जावयाचा मान मी छातीवर बिल्ल्यासारखा लावून हिंडत होतो.

आणि यंदा चैत्रात, अहमदपूरच्या एका लग्नाहून उदगीरला परतताना आम्ही दोन्ही गाड्या चहाला थांबवल्या. चहा झाला. अण्णा उठले. माझ्या गाडीपर्यंत आले, दारातून आपली पिशवी घेतली आणि म्हणाले, "मास्तर, पाय जरा आखडलेत. तिकडं मोकळं हाय."

तिकडं! पुढचे तीस किलोमीटर मी त्या काळ्या गाडीच्या मागे होतो. मागच्या काचेतून अण्णांचं डोकं दिसत होतं. ते हळूच उजवीकडे कललं. अण्णा झोपले होते! वीस वर्षांत माझ्या गाडीत अण्णा एकदाही झोपले नव्हते. (झोपतील कसे? एसी धड होता तेव्हाही पेट्रोल वाचवायला मी तो लावत नसे, आणि खिडकीतून झळ अशी यायची की डोळे मिटले तर पापण्या भाजायच्या.)

"बघ, बघ कसे झोपलेत!" मी बायकोला म्हणालो.

"झोपू द्या की. म्हातारं माणूस."

"माझ्या गाडीत का नाही झोपत?"

"अहो, तुमच्या गाडीत मी वीस वर्षं झोपले नाही, ते कधी विचारलं नाहीत!"

सुलभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, राजकारण कळत नाही.

मग आला अधिक महिना, म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना. दर तीन वर्षांनी एकदा येतो आणि जावई नावाच्या सामान्य माणसाला महिनाभर देव करून टाकतो. सासरी बोलावतात, पाटावर बसवून पाय धुतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, कपडे करतात आणि तेहेतीस अनारशांचं वाण देतात. उदगीरहून सासूबाईंचा फोन आला. दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं होतं. फोन ठेवता ठेवता सुलभा सहज म्हणाली, "जेवणं झाल्यावर देगलूरला आत्याबाईंकडे जायचंय सगळ्यांनी. अण्णा म्हणत होते, मंगलच्या गाडीत बसीन."

मंगलच्या! गाडीतसुद्धा आता आपलं-तुपलं आलं! मी चहाचा कप खाली ठेवला आणि तडक करीमभाईकडे गेलो.

करीमभाई माझा विद्यार्थी. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. हा नववीत शेवटच्या बाकावर बसून खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघायचा आणि मी त्याला रोज सांगायचो, "तुझं आयुष्यात काही होणार नाही." आता नांदेडच्या निम्म्या गाड्या त्याच्या दारात रांगेत उभ्या असतात आणि त्या रांगेत मीही असतो.

"सर, एसी कधीपासून बंद हाय?"

"झाली असतील आठ-नऊ वर्षं."

"अन् आजच कसा आठवला?"

"उकाडा वाढलाय रे."

"सर, खरं सांगा."

"...साडूनं नवी गाडी घेतली."

"हां, मग बराबर!" करीमभाईनं पाना उचलला. "उन्हाळ्यानं गिऱ्हाईक येत न्हाई सर. साडूनं येतं."

तीन दिवस माझी गाडी पोट फाडून पडली होती. कंप्रेसर गंजून जाम. पाइपांना जागोजाग भोकं. ("सर, ह्याच्यात गॅस भरणं म्हणजे चाळणीत दूध ठिवल्यावाणी हाय!") पंख्याच्या डब्यात उंदरांनी तर अख्खी वसाहत केलेली. करीमभाईनं चिमट्यानं एकेक चिंधी बाहेर काढली. कागद होते. उत्तरपत्रिका! कधीकाळी सातवी 'ब'चे घटक चाचणीचे पेपर माझ्याकडून गहाळ झाले होते आणि मी सगळ्या वर्गाला अंदाजे गुण देऊन टाकले होते. एका तुकड्यावर माझ्याच अक्षरातला लाल शेरा शाबूत होता: 'लक्ष देऊन ऐकत जा.'

"ठिवू का सर, आठवण म्हणून?"

"फेक!"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी करीमभाईनं बटण दाबलं. आधी धूळ आली, मग उंदरांचा वास आला आणि मग... गारवा! असा गारवा की माझ्या चष्म्यावर धुकं साचलं. त्या धुक्यात मला एक दृश्य दिसलं: माझी डावी सीट, तिच्यावर अण्णा, आणि अण्णांचं डोकं हळूच उजवीकडे कललेलं.

"सर, एक काम राहिलंय," करीमभाई म्हणाला. "कॉइलवर पाणी सुटतं. ते भाईर जायाची नळी तुंबलीया. उद्या दहाला या, हवा मारून मोकळी करून देतो."

"उद्या दहाला मी उदगीरला पाटावर असेन! आणि पाणीच ना? पाण्याला काय रे, वाट सापडते."

"सापडती सर. पर आपल्याला पायजे तीच सापडंल असं नसतं."

असली वाक्यं शेवटच्या बाकावरची मुलंच बोलतात. मी किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. सुलभा सवयीनं पुढचं दार उघडायला गेली.

"मागे बस."

"का?"

"ती अण्णांची सीट आहे. नवा टॉवेल टाकलाय."

"मी काय त्या टॉवेलला चावणाराय?"

"चुरगळेल."

ती मागे बसली. दार तिनं जरा जोरातच लावलं. लोह्यापर्यंत पदर गुंडाळून घेतला. जांबपर्यंत शाल घेतली. जळकोटच्या पुढे म्हणाली, "अहो, कमी करा थोडा. दात वाजायलेत माझे."

"कमी? अगं, आठ वर्षांची थंडी आहे ही, व्याजासकट!"

उदगीरच्या वेशीपाशी मी गाडी मुद्दाम हळू केली. सगळ्या काचा बंद. बाहेर रसवंतीवाले, फळवाले, ओळखीचे दोन अडते. एकेकाकडे मी बंद काचेतून मान हलवली. ऊन असं की डांबर चकाकत होतं आणि आत मी स्वेटरच्या विचारात! सासुरवाडीच्या दारात काळी गाडी आधीच उभी होती. मी माझी अगदी तिच्या नाकासमोर लावली. मग डिकीतून नवं रबरी पायपुसणं काढलं (खास अण्णांसाठी घेतलेलं, चारी कडा बोटभर उभ्या, परातीसारखं) आणि पुढच्या डाव्या बाजूला अंथरलं. खालचं कार्पेट जरा ओलसर लागलं. सुलभाची पाण्याची बाटली सांडली असेल, असं मी मनाशी म्हणालो. सुलभा पूर्ण वेळ मागे बसली होती, ही बारीकशी अडचण मला त्या वेळी जाणवली नाही.

पाटावर बसलो. पाय धुणं सुरू झालं. मी बारीक लक्ष ठेवून होतो. माझ्या पायांवर अण्णांनी दोन तांबे घातले. रमाकांतरावांच्या पायांवर तीन! धोंडे मला पाच वाढले, त्यांना पाच; पण त्यांच्या पाचव्यावर सासूबाईंनी तूप दोनदा सोडलं. कपड्यांत मला फिकट निळा तुकडा, त्यांना गडद निळा. गडद महाग असतो, हे कोणालाही माहीत आहे.

"दादा, काय बघायलाव सारखं माझ्या ताटात?" रमाकांतराव म्हणाले.

"काही नाही. म्हटलं, मेसपेक्षा बरं दिसतंय."

जेवणं झाली आणि खरी वेळ आली. आम्ही दोघंही एकदमच हात धुवायला उठलो, एकदमच बाहेर पळालो आणि एकदमच आपापल्या गाड्या सुरू केल्या. दोन जावई, दोन गाड्या, दोन्हींची पुढची डावी दारं सताड उघडी आणि दोघं दारं धरून उभे! समोरच्या किराणा दुकानदारानं गिऱ्हाईक सोडलं आणि बघायला पायरीवर आला.

"या अण्णा!" रमाकांतराव म्हणाले. "गार करून ठेवलीय."

"इकडे या अण्णा," मी म्हणालो. "इकडे गोठवून ठेवलीय!"

अण्णा थांबले. चपला सरकवत काळ्या गाडीपाशी गेले, आत हात घातला. बोटं हलवली. मग माझ्या गाडीपाशी आले, आत हात घातला. मी श्वास रोखला. चाळीस वर्षं ज्या हातानं तुरीचा निकाल दिला, तो हात माझ्या एसीसमोर होता!

"मास्तर," अण्णा म्हणाले, "हे जास्त गार हाय." आणि बसले.

दुकानदारानं मान डोलावली. मी दार इतक्या अदबीनं लावलं की आवाजसुद्धा झाला नाही. इथंच थांबलो असतो तर आज माझी आठवण उदगीरात निराळी असती. पण जिंकलेल्या माणसाला थांबता येत नाही. सासूबाई दोन्ही जावयांच्या अनारशांच्या कागदी पिशव्या घेऊन आल्या, आत्याबाईंना दाखवायला आणि त्यातलेच त्यांना द्यायला. एक पिशवी त्या काळ्या गाडीकडे नेत होत्या.

"दोन्ही इकडेच द्या!" मी ओरडलो. "उन्हात मऊ पडतील. आपल्याकडे गारवा चांगला आहे."

"आमच्याकडे पण एसी आहे, दादा," रमाकांतराव म्हणाले.

"आहे ना. पण अण्णांनी हात घालून सांगितलंय!"

आणि मी सहासष्ट अनारसे अण्णांच्या पायाशी, त्या परातीसारख्या पायपुसण्यावर, स्वतःच्या हातांनी ठेवले.

देगलूरचा रस्ता तासा-सव्वातासाचा. अण्णांनी चपला काढल्या, पाय पसरले. दहा मिनिटांनी म्हणाले, "आहाहा!" मी आरशात बघितलं, मागून काळी गाडी येत होती. कधी नव्हे ते मला रमाकांतरावांविषयी प्रेम वाटलं. मागे सुलभा शाल गुंडाळून बसली होती, शेजारी सासूबाई साडीचा पदर दुहेरी करून. वळण आलं की कुठूनतरी 'छपक' असा आवाज यायचा. पोटातलं पुरण असावं, असं वाटून मी दुर्लक्ष केलं. अण्णा मात्र डोळे मिटून हसत होते.

"बरं वाटायलंय का अण्णा?"

"लई! असं सुख मला ह्या पायांनी कधी दिलं न्हाई, मास्तर."

मी एसी आणखी एक घर वाढवला.

देगलूरच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. मला तो दिसला. पण मी तेव्हा आरशात रमाकांतरावांचा चेहरा शोधत होतो. गाडी उडाली, आदळली आणि अण्णांच्या बाजूनं 'धप्प-छळाक!' असं काहीतरी झालं. अण्णा फक्त म्हणाले, "हां."

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. अण्णांच्या थोरल्या बहीण, ऐंशीच्या पुढच्या. रिवाजाप्रमाणे हातात पाण्याचा तांब्या, आल्या-गेल्याचे पाय धुवायला. काळी गाडीही मागे येऊन थांबली, मंगल आणि रमाकांतराव उतरले. सगळ्यांच्या देखत मी धावत जाऊन अण्णांचं दार उघडलं.

आधी पाणी उतरलं.

साधं नाही, धारेनं! पायरीवरून, फरशीवरून, थेट आत्याबाईंच्या तुळशीपर्यंत. मग एक चप्पल तरंगत उतरली. मग अण्णांचे पाय उतरले, पांढरेफटक, सुरकुतलेले, घोट्यापर्यंत भिजलेले. आणि शेवटी मी दोन्ही पिशव्या उचलल्या. वर आले ते नुसते पिशव्यांचे बंद. अनारसे खालीच होते. होते म्हणजे, तांदळाची गोड पेज झाली होती आणि तिच्यावर खसखस पोहत होती!

"अग्ग बाई!" मंगल किंचाळली. "आमचं वाण!"

"आपल्याकडे गारवा चांगला आहे," रमाकांतराव माझ्याच आवाजात म्हणाले.

गॅसच्या टाकीसारखा मी लालबुंद झालो. तीस वर्षं मी वर्गात गार पेल्यावर बाहेरून पाणी का जमतं ते फळ्यावर काढून दाखवतोय. दर वर्षी परीक्षेत विचारतो. आणि माझ्या स्वतःच्या गाडीतला पेला तासभर अण्णांच्या पायांवर गळत होता!

आत्याबाईंनी भावाकडे खालपासून वर बघितलं. "काय रे, येता येता नदीत उतरलास का? थांब, पाय धुवायला पाणी देते."

"नको अक्का," अण्णा म्हणाले. "माझे पाय धुऊन झाले."

"कुणी धुतले?"

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "थोरल्या जावयानं. आजवर मी ह्यांचे धुतले. पर सासऱ्याचे पाय धुणारा जावई म्या तरी हाच बघितला. अन् ते पण गार पाण्यानं, एक घंटाभर! तळपायाची आग कशी इझली म्हणून सांगू!"

रमाकांतरावांचं हसू जागच्या जागी वाळलं. मी ते वाळताना बघितलं आहे, कडेकडेनं सुरू होऊन मध्यापर्यंत. त्यांच्याकडे थंड हवा होती, मागे-पुढे होणाऱ्या सीटा होत्या, समोर टीव्हीसारखा पडदा होता. पण पाणी नव्हतं! थोड्या वेळानं ते मला गोठ्यापाशी बाजूला घेऊन गेले. म्हणाले, "दादा, ते पाण्याचं... कुठून बसवलं?"

"नांदेडला माणूस आहे माझा," मी म्हणालो. "सगळ्यांचं करत नाही तो."

माझ्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण. तो साधारण दीड मिनिट टिकला. मग सासूबाई पेज झालेल्या अनारशांचं पातेलं घेऊन आल्या.

आता सगळं सुरळीत आहे. करीमभाईनं नळीत हवा मारली. तिच्यातून चिखल निघाला, आणि सातवी 'ब'चा आणखी एक पेपर. गळती बंद. एसी नव्यासारखा. पण पुढच्या फेरीला अण्णा माझ्या गाडीत बसले, पाय पसरले, वाट बघितली आणि म्हणाले, "मास्तर, पाणी?"

"अण्णा, ते दुरुस्त केलं."

"चांगलं चालू होतं, ते कशाला बिघडवलं?" आणि अण्णांनी काळ्या गाडीकडे बघितलं.

म्हणून आता अण्णांच्या पायाशी मी एक घमेलं ठेवतो. त्यात पाणी आणि थोडा बर्फ. अण्णा पाय बुडवतात, "आहाहा" म्हणतात आणि लगेच दुसरं वाक्य बोलतात, "तो एसी तेवढा बंद करा. वरून गार, खालून गार, सर्दी व्हती मला."

तर मान माझा मला परत मिळाला. अण्णा माझ्याच शेजारी बसतात. एसी बंद, काचा खाली, मानेला रुमाल. घमेलं हिंदकळू नये म्हणून मी बैलगाडीच्या वेगानं जातो, पुन्हा तंदूरमधून निघालेला. बाजूनं रमाकांतरावांची काळी गाडी सरकन पुढे निघून जाते. तिच्यात पुढच्या डाव्या सीटवर टेकून आमच्या सौभाग्यवती गाढ झोपलेल्या असतात.

आणि परवा बघितलं तर सुलभाच्या पाठीमागे टाकलेला टॉवेल माझा होता, अण्णांच्या सीटवरचा!